न उतरवलेलं सोंग

मोलगीच्या बाजारात, भर दुपारी, मिशी काढून आणि बायकोची जुनी साडी नेसून मी उभा राहिलो तेव्हा माझं वय बावन्न होतं आणि गुडघ्यांचं सत्तर. हे असं कसं झालं ते सांगतो. गोष्ट सांगायला मला अजूनही फार आवडतं. फक्त हल्ली मध्येच दम लागतो, तेव्हा थांबलो तर समजून घ्या.

माझा धंदा बोलण्याचा. शहाद्याकडच्या तापीकाठच्या गावात जन्मलो. घरात कुणी शेतीत, कुणी पगारी नोकरीत. मी मात्र वार्ताहर झालो. विहिरीत बिबट्या पडला, कुणाचा सत्कार झाला, कुठली शाळा गळते, असल्या बातम्या एसटीच्या पाकिटातून पाठवायचो. मग काही वर्षं रेडिओसाठी कार्यक्रम केले. त्यानंतर आरोग्याचं काम करणाऱ्या एका संस्थेत चिकटलो तो आजतागायत. भित्तिपत्रकं, पथनाट्यं, जीपवरचा भोंगा आणि वर्षाकाठी ‘यशोगाथा’ नावाचं पुस्तक, हे सगळं माझ्याकडे. जनजागृती हा शब्द मी आयुष्यात इतक्या वेळा लिहिलाय, की तो दिसला तरी मला जांभई येते.

तर एकदा आमच्या नंदुरबारच्या हॉलमध्ये दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं आणि शिकवायला बाई आल्या होत्या थेट फिलिपिन्सहून. माझ्याच वयाच्या, बुटक्या, केस बारीक कापलेले. त्या आधी वर्तमानपत्रात होत्या, मग रेडिओवर, मग बायकांच्या हक्कांसाठी लिहिणाऱ्या. म्हणजे माझीच कुंडली, फक्त समुद्र जास्त. हॉलच्या मागे मिरचीच्या पथारी होत्या, लाल मिरची वाळत पडलेली. बाई व्यासपीठावर चढल्या आणि बोलायच्या आधी ओळीने सात वेळा शिंकल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यांनी वाकून मुजरा केला. मला त्या तिथेच आवडल्या.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी आपल्या देशाहून आणलेला सुकवलेला आंबा वाटला. साखरेसारखा गोड, चामड्यासारखा चिवट. मग मीही खिशातून आमच्याकडच्या आमचुराची, म्हणजे वाळवलेल्या कैरीची, एक फोड काढून दिली. त्यांचं तोंड असं वाकडं झालं, की मी आनंदाने बाकावर हात आपटले. त्यांनी डोळे पुसले आणि आणखी एक फोड मागितली.

दुपारी प्रत्येकाने आपलं सर्वांत गाजलेलं काम दाखवायचं होतं. मी ‘सासूबाई’ वाजवली.

ही ‘सासूबाई’ म्हणजे माझ्या मुकुटातला हिरा. बारा वर्षांपूर्वी मी एक नाटुकलं लिहिलं होतं. सुनेला कळा सुरू होतात आणि सासू दारात आडवी होते. “दवाखान्यात कशाला? आम्ही काय दवाखान्यात जन्मलो? तिथे पोट फाडतात. जीपमध्ये बसलीस तर पाय मोडेन!” असं काहीबाही, आणि मध्ये एक खदाखदा हसू. सासूचं काम केलं होतं मोलगीकडच्या एका पाड्यावरच्या सुईणीने. आम्ही पाच-सहा बायकांना बोलायला लावून पाहिलं होतं. बाकीच्या माइक बघून लाजल्या. ही माइकवर अशी ओरडली, की रेकॉर्डिंगवाल्याने कानांवरची डबडी काढून ठेवली.

पूर्ण नाटुकलं चौदा मिनिटांचं होतं. शेवटी सासूला चूक कळते आणि ती स्वतःच सुनेला जीपमध्ये बसवते. पण वरून सांगण्यात आलं, चौदा मिनिटं कोण ऐकणार, एक मिनिटाचं करा. मी शेवट कापला. सासूची शिवीगाळ ठेवली, ते हसू ठेवलं, आणि शेवटी माझ्या धीरगंभीर आवाजात एक ओळ जोडली: “अशा सासूला ओळखा. तिचं ऐकू नका.” ते एक मिनिट अक्कलकुवा, मोलगी, धडगाव, सगळ्या बाजारांत जीपवरून वाजलं. दवाखान्याच्या रांगेत वाजलं. पुढे मोबाइलवर फिरलं. आमच्या संस्थेला त्यासाठी एक लाकडी ढालसुद्धा मिळाली. ती माझ्या टेबलावर आहे, तिच्यावर मी चष्मा ठेवतो.

हॉलमध्ये सगळे हसले. नेहमीच हसतात. भाषा कळत नसतानाही बाई हसल्या. मग विचारलं, “हा आवाज कुणाचा?”

मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, डोंगरातल्या एका सुईणीचा.

“सुईणीचा? दवाखान्यात जाऊ नका म्हणणारीचं काम तुम्ही सुईणीला दिलं?”

“तीच सगळ्यात चांगलं करायची.”

“आणि आता ती काय करते?”

मला माहीत नव्हतं. बारा वर्षं मी तिच्या आवाजावर कार्यशाळा जिंकत होतो आणि ती जिवंत आहे का, हेसुद्धा मला माहीत नव्हतं. मी हसून वेळ मारून न्यायचा प्रयत्न केला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, त्यांनीही एकदा रेडिओ-नाटकात एका मासे विकणाऱ्या बाईला दारुडीचं काम दिलं होतं. फार सुंदर केलं तिने. त्यानंतर तिच्या गावात तिचे मासे कुणी घेईना. “मला हे फार वर्षांनी कळलं,” त्या म्हणाल्या. “तेव्हा ती बेट सोडून गेली होती. तुम्ही निदान जाऊन बघा.” आणि आंब्याचं उरलेलं पाकीट त्यांनी माझ्या हातात ठेवलं. “तिला द्या.”

खरं सांगतो, जायची इच्छा नव्हती. इतक्या वर्षांत माणसाला एक कला येते, कुठे बघायचं नाही याची. पण ते पाकीट टेबलावर ढालीशेजारी पडून माझ्याकडे बघत राहिलं. आठवड्याने निघालो.

अक्कलकुवा सोडलं की घाट लागतो आणि माझी कंबर बोलायला लागते. मोलगीपर्यंत जीप, पुढे तासभर चालणं. सोबत मोलगीचाच जीपवाला होता. आमच्या भोंग्याची गाडी पहिल्यापासून तोच चालवायचा आणि पावरी बोली येत असल्यामुळे मध्ये दुभाष्याचंही काम करायचा.

म्हातारी अंगणात कच्चे आंबे चिरत बसली होती. खडकावर फोडी वाळत घातलेल्या, आंबट वास सगळीकडे. तिला सगळे याहा म्हणतात, म्हणजे आई. मीही तेच म्हणायचो. ती कलेक्टर असो की कोंबडी, सगळ्यांना अरेतुरेच करते. तिने मान वर करून मला नीट पाहिलं.

“आलास? मला वाटलं, मेलास.”

“नाही याहा. नंदुरबारलाच असतो.”

“तेच ते.”

मी पाकीट दिलं. तिने एक तुकडा चावला, बराच वेळ चावला आणि जीपवाल्याला काहीतरी म्हणाली. तो हसू दाबत म्हणाला, “सर, ती म्हणते, बिचाऱ्यांचा आंबा खराब झाला, म्हणून साखर लावावी लागली.” तिने आणखी दोन तुकडे तोंडात टाकले आणि पाकीट कमरेला खोचून ठेवलं.

मग मी विचारलं, “काम कसं चाललंय?”

सुरी थांबली. “कोणतं काम?”

त्यानंतर तिने जे सांगितलं ते जीपवाला हळूहळू मराठीत करत गेला. मध्ये मध्ये तो थांबायचा, कारण भोंग्याची गाडी त्यानेच चालवली होती.

आमच्या जीपच्या आधी बारा पाड्यांवरून तिला बोलावणं यायचं. नुसतं बाळंतपण करायला नाही. बाई अडली तर बांबूच्या झोळीत घालून डोंगर उतरवायचा, रस्त्यावर जीप थांबवायची, दवाखान्यात नर्सशी भांडायचं, हे सगळं तीच करायची. दवाखान्याला घाबरणाऱ्या बायका तिच्याबरोबर जायच्या, कारण ती सोबत आहे. मग बाजारात तिचा आवाज वाजायला लागला. आधी पोरं चिडवायची. मग बायका कुजबुजायला लागल्या. मग माहेरचे लोक सांगायला लागले, लेकीच्या वेळी तिला बोलावू नका, ती दवाखान्यात जाऊ देत नाही. तिचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा, ते हसू तर चार टेकड्या ओलांडून ओळखू येणारं.

“पण ते नाटक होतं,” मी म्हणालो.

“मला सांगू नकोस. माझा नवरा सोंगाड्या होता.”

हे मला माहीत नव्हतं. तिचा नवरा पाड्यापाड्यांवर खेळ करणाऱ्या सोंगाड्या पार्टीत बाईची कामं करायचा. चोरटी बाई, भांडखोर बाई, राणी, सगळं. आणि खेळ संपला की सगळ्यांसमोर पाटील त्याच्या तोंडावर तांब्याने पाणी घालायचा. रंग उतरला की तो मोठ्याने सांगायचा, मी अमक्याचा मुलगा, अमक्या पाड्याचा, सोंग उतरलं. मगच घरी जायचा. न उतरवता कुणी घरी गेला, तर त्याची बायको त्याला चुलीजवळ येऊ देत नसे.

“माझ्यावर सोंग तू चढवलंस,” याहा म्हणाली, “आणि गाडी घेऊन निघून गेलास. वर ओरडून सांगितलंस, हिला ओळखा. ओळखलं त्यांनी.”

मी म्हणालो, मी ती क्लिप सगळीकडून काढायला लावतो. ती म्हणाली, “कानातून कशी काढशील?”

आणि मग, आंबा चिरत, खाली बघत, तिने खरी गोष्ट सांगितली. तिच्या नातीचं पहिलंच बाळंतपण होतं. पलीकडच्या टेकडीमागच्या पाड्यावर दिलेली. नववा लागला होता. नातीच्या सासऱ्याने निरोप पाठवला होता: तू येऊ नकोस, आमचं आम्ही बघू. “पोरगी माझ्याच हातावर जन्मली,” याहा म्हणाली. “घाबरट आहे. मी जीपमध्ये शेजारी बसले नाही, तर ती जीपमध्ये बसणार नाही. मी ओळखते तिला.”

इतकंच तिला हवं होतं. त्या जीपमध्ये नातीशेजारची जागा.

“मी काय करू?” मी विचारलं.

“सोंग उतरव. बाजारात. सगळ्यांसमोर.”

“बरं. तुम्ही सासू व्हा, मी तुमच्या तोंडावर पाणी…”

“मी कशाला होऊ? शब्द कुणाचे होते?”

“माझे.”

“मग तोंडही तुझंच लाव.” आणि ती हसली. बारा वर्षांनी ते हसू मी समोर बसून ऐकलं. टेपमध्ये निम्मंसुद्धा आलेलं नव्हतं.

कार्यालयात कळवणं भाग होतं. वरिष्ठ फोनवर म्हणाले, “हे आपल्या आराखड्यात कुठे बसत नाही हो.” मग जरा थांबून, “पण व्हिडिओ काढा. यशोगाथेत घेता येईल.” मी म्हणालो, आवाज नीट येत नाही, आणि फोन ठेवला. आवाज उत्तम येत होता.

घरी मिशी काढली. आरशात माझा काका दिसायला लागला. कपाट उघडून साडी पिशवीत घालत होतो तोवर बायको आली. घरात आम्ही अहिराणीच बोलतो.

“मन्ही साडी कथी लई जाई ऱ्हायनात?”

मी सांगितलं. तिने सगळं ऐकलं. म्हणाली, “सासूनं सोंग? तुमले जमाव नही. तुमले बोलानी सवय शे, ऐकानी नही.” मग पिशवीतली साडी काढून घेतली आणि त्याहून जुनी, बोहारणीसाठी बांधून ठेवलेली, आत टाकली.

आता बाजार. मोलगीच्या बाजारात माणसं पहाटेपासून डोंगर उतरून आलेली असतात. दुपारपर्यंत विकून झालेलं असतं, जीप भरायला वेळ असतो, आणि नुसतं बघायला तयार अशी गर्दी आयती मिळते. आमचुराच्या पोत्यांच्या रांगेपुढे मोकळी जागा होती. जीपवाल्याने तोंडाने ढोल वाजवायला सुरुवात केली. मी तोंडाला हळद आणि काजळी फासली, पदर खोचला आणि ओरडलो, “दवाखान्यात कशाला? आम्ही काय दवाखान्यात जन्मलो?”

पहिल्या वाक्याला लोक दचकले. दुसऱ्या वाक्याला हसू फुटलं. तिसरं वाक्य मला बोलावंच लागलं नाही. “जीपमध्ये बसलीस तर पाय मोडेन!” पन्नास-साठ माणसं माझ्या आधी म्हणाली. सगळ्यांना पाठ होतं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा श्रोतृवर्ग तो, आणि मला तिथल्या तिथे मातीत जावंसं वाटलं. पण पथनाट्यातला नट आहे मी. गुडघे कुरकुरत असताना नसलेल्या दारात आडवा पडलो, लोळलो, खोटं हसलो. कोपऱ्यात याहा उभी होती. माझं हसू ऐकून तिने कपाळाला हात लावला.

तिने आधीच बोट दाखवून ठेवलं होतं: डाव्या हाताला, आमचुराच्या रिकाम्या पोत्यावर बसलेला पांढऱ्या टोपीचा माणूस, तो नातीचा सासरा. सगळे हसत होते. तो हसत नव्हता.

खेळ संपला. लोक उठायला लागले तेव्हा याहाने बोलावून आणलेला पाटील पुढे आला आणि तांब्याभर पाणी माझ्या डोक्यावर ओतलं. थंड नव्हतं, उन्हात तापलेलं होतं. हळद डोळ्यांत गेली. मी तोंड पुसलं आणि बोललो. काय बोलायचं ते मी रात्रभर जागून सुंदर लिहून आणलं होतं, दोन पानं. ती साडीखालच्या पँटच्या खिशात राहिली. मी एवढंच म्हणालो, की मी अमका, अमक्याचा मुलगा, तापीकाठच्या अमक्या गावचा. ते सासूचे शब्द माझे. ‘हिला ओळखा’ म्हणणारा आवाज माझा. ही म्हातारी तसं कधी बोलली नाही. माझ्या सांगण्यावरून तिने सोंग घेतलं आणि ते उतरवायचं मी विसरलो. आज उतरवतो.

इतक्या वर्षांत भोंग्यावरून मी लाखभर वाक्यं बोललो असेन. स्वतःचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

मग मागून कुणीतरी म्हणालं, “तो आडवा पडायचा भाग परत कर!” आणि पुन्हा हशा. याहा पुढे आली. तिने भाषण केलं नाही. पाटलाच्या हातून तांब्या घेतला, स्वतःच्या तोंडावर पाणी मारलं, नवऱ्याचं नाव घेतलं, पाड्याचं नाव घेतलं आणि “उतरलं” म्हणाली. काही बायांनी माना हलवल्या. पांढऱ्या टोपीचा सासरा उठला, रिकामं पोतं झटकून घडी घातली आणि जीपकडे निघून गेला.

“पटलं असेल का रे?” मी जीपवाल्याला विचारलं.

“कळत नाही सर. त्याचं तोंड नेहमी तसंच असतं.”

परतीच्या घाटात मी मागच्या सीटवर आडवा झालो. घरी बायकोने साडी बघितली, भिजत घातली आणि माझ्या गुडघ्यांना तेल आणून दिलं.

मग दिवस जात राहिले. मी क्लिप थांबवायची पत्रं लिहिली. काहींनी उत्तर दिलं, काहींनी क्लिप आवडल्याचं कळवलं. एकदा कामासाठी खांडबाऱ्याला गेलो होतो. स्टेशनच्या बाकावर शेजारच्या माणसाच्या मोबाइलमधून माझाच धीरगंभीर आवाज आला: “अशा सासूला ओळखा.” तो खो खो हसत होता. मी त्याला सगळं समजावून सांगितलं, अगदी मिशीपासून. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “पण बाई भारी बोलली ना?” मी हो म्हणालो. काय करणार, भारीच बोलली होती. गाडी आली, मी चढलो, आणि खिडकीशी बसून मला इतकं थकल्यासारखं वाटलं, की उतरायचं स्टेशन निघून जाऊ द्यावं असं मनात आलं.

त्यानंतर चार दिवसांनी, सकाळी दाढी करत होतो तेव्हा फोन वाजला. जीपवाला. मागे इंजिनाचा आवाज.

“सर, अक्कलकुव्याच्या दवाखान्यासमोर आहे. काल संध्याकाळी त्या सासऱ्याने स्वतः याहाच्या दारात जाऊन हाक मारली. आत्ता दोघींना घेऊन आलो. नात मधे, याहा खिडकीशी.”

“आणि?”

“घाटात मला दर खड्ड्याला शिव्या घातल्या तिने. सासरा पुढे बसला होता, त्यालाही घातल्या. तो काही बोलला नाही. आता आत नर्सशी भांडण चाललंय, बाहेर ऐकू येतंय. बाळ अजून व्हायचंय. पण नात गाडीतून हसत उतरली सर. ते साखरेचे आंबे खात होती.”

मी बेसिनच्या काठावर बसलो. अर्ध्या गालाला साबण होता.

“सर, ऐकताय ना? याहाने एक निरोप दिलाय. म्हणाली, धडगावच्या बाजारात पण ते वाजलं होतं. तोरणमाळच्या यात्रेत पण. त्याला म्हणावं, मिशी वाढवू नको.”

आरशात पाहिलं. एवढ्या दिवसांत मिशी बरी आली होती, जरा पांढरी, पण आली होती. बायको दारात उभी राहून सगळं ऐकत होती. आत जाऊन तीच बोहारणीची साडी, धुऊन घडी घातलेली, आणून माझ्या मांडीवर ठेवली.

मी गालावरचा साबण बोटाने वर ओढला आणि ओठावर लावला.